अर्थिंगचं पाणी

माझ्या नवऱ्याला दारूचं व्यसन असतं तर परवडलं असतं, असं मी एकदा शेजारच्या शांतम्माजवळ बोलून गेले. दारू निदान बाटलीत मिळते. माझ्या नवऱ्याला शुद्ध आवाज हवा होता, आणि तो लातुरात कुठल्याच दुकानात मिळत नव्हता.

आम्ही मूळचे नांदेडचे. लातूर जिल्हा झाला तेव्हा नव्या कचेऱ्यांना माणसं कमी पडली, म्हणून व्यंकटरावांना, म्हणजे आमच्या यांना, उचलून इकडे आणलं. अव्वल कारकून म्हणून. मलाही पुढे इथल्याच एका शाळेत नोकरी मिळाली. नव्या जिल्ह्यात पाट्या नव्या होत्या, जीपा नव्या होत्या, साहेब तर रोज एखादा नवा उतरायचा. लोक म्हणायचे, जिल्हा झाला, आता सगळं होईल. सगळं म्हणजे काय, ते कुणी विचारलं नाही. चार वर्षांनी दुष्काळ पडला तेव्हा कळलं, की जिल्हा झाल्यामुळे दुष्काळालाही बढती मिळाली आहे. आता त्याला स्वतःचा स्वतंत्र साहेब होता.

आमची गल्ली गावाच्या टोकाला, नव्या वसाहतीत. नळाचे पाइप घातलेले होते, त्यात पाणी तेवढं घालायचं राहिलं होतं. आठवड्यातून एकदा टँकर यायचा. टँकरचा दिवस म्हणजे आमचा सण. त्या दिवशी मी शाळेतून अर्धी रजा काढायची, गल्लीतली नागुबाई सुनेला माहेरी जाऊ द्यायची नाही, आणि पंचशीला सिस्टर दवाखान्यातली ड्यूटी बदलून घ्यायची. एका घराला दोन पिंपं. त्यात आठ दिवस प्यायचं, रांधायचं, भांडी, कपडे, आणि उरलंच तर अंघोळ.

अशा घरात, बैठकीच्या खोलीत, देव्हाऱ्याहून मोठ्या जागेवर यांचा सेट विराजमान होता. रेकॉर्ड लावायची चकती वेगळी, अँप्लिफायर वेगळा, आणि कपाटाएवढे दोन स्पीकर. पाहुणे आले की पोरं स्पीकरला टेकून बसायची आणि हे त्यांना असे उठवायचे जसं काही कुणी पिंडीवर बसलंय. सेट उत्तम होता, असं सगळे म्हणत. पण त्यातून घुंई यायची. गाणं सुरू असताना कळत नसे. गाणारा दम घ्यायला थांबला, की मागून बारीक, सारखी, न थकणारी घुंई. मला ती कधी ऐकू आली नाही. यांना मात्र ती स्वयंपाकघरातही ऐकू यायची, जिथे मी मारलेल्या हाका ऐकू येत नसत.

"सिंधू, सेटला नुसती वीज चालत न्हाई. स्वच्छ वीज लागती," हे मला समजावून सांगत.

"इथं स्वच्छ पाणी मिळंना, तुम्हाला स्वच्छ वीज कुठून आणू?" मी म्हणायची.

पण ते विजेच्या मागे लागले ते लागलेच. आधी स्टॅबिलायझर आणला. तो स्वतःच घुमायचा. मग नांदेडच्या एका मेकॅनिककडे अँप्लिफायर एसटीच्या सीटवर शेजारी बसवून नेला आणि आतला ट्रान्सफॉर्मर बदलून मोठा घातला. मग लोणच्याच्या बरणीएवढे कपॅसिटर बसवले. झाकण लागेना, तर झाकणच काढून ठेवलं. मग घरातल्या दिव्यापंख्यांपासून सेटची वायर वेगळी केली, थेट मीटरपासून. फ्रीज घ्यायचं ठरत होतं, ते रद्द झालं, कारण फ्रीज चालू-बंद होताना म्हणे विजेला धक्का बसतो. दर खेपेला हे डोळे मिटून बसायचे, कान द्यायचे, आणि म्हणायचे, "कमी झाली. पण हाय."

दुष्काळाने त्यांची एक सोय केली, हेही सांगितलं पाहिजे. गावाभोवतालच्या विहिरी आटल्या, त्यामुळे शेतातल्या मोटारी बंद पडल्या, आणि व्होल्टेज एकदम सुधारलं. साऱ्या जिल्ह्याच्या तोंडचं पाणी पळालेलं, आणि हा माणूस मीटरच्या काट्याकडे बघून म्हणतो, "यंदा व्होल्टेज काय झकास हाय!" मी त्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या लक्षात आलं नाही.

शेवटी वीज मंडळातला वायरमन संगप्पा येऊन गेला. त्याने सेटकडे पाहिलंही नाही. तो सरळ परसात गेला, तिथे जमिनीतून वर आलेल्या लोखंडी पाइपाला पायाने हलवून बघितलं आणि म्हणाला, "अर्थिंग कोरडं पडलंय की. पाणी पाजा त्याला. खाली मीठ-कोळसा हाय, पर वल न्हाई. वल असली तरच खराब करंट जमिनीत उतरतो."

"किती पाणी?" यांनी विचारलं.

"ह्या उन्हाळ्यात? रोज दोन घागरी तरी."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. माझ्या हातून परात पडली, ती पडू दिली.

त्या रात्री माझं आणि यांचं जे झालं ते गल्लीने ऐकलं, त्यामुळे इथे पुन्हा सांगत नाही. थोडक्यात एवढंच, की माझ्या पिंपातलं एक फुलपात्रही त्या पाइपात जाणार नाही, असं मी बजावलं. तिसऱ्या दिवशी हे कचेरीतून आले ते तोंड उजळूनच.

"सिंधू, टंचाईच्या साहेबाला गाण्याचा शौक हाय. शास्त्रीय. रेकॉर्डी हाईत त्यांच्याकडं ट्रंकभर."

"मग?"

"त्यांच्या सेटमधी बी घुंई हाय. लई वैतागलेत. मी म्हणलं, साहेब, माझ्या घरी या एका रविवारी, साफ आवाज ऐकवतो. तर म्हणाले, नक्की येतो."

टंचाईचे साहेब म्हणजे टँकरचे साहेब. कुठल्या गल्लीला किती टँकर, कुठल्या गावाला कुठली विहीर, हे सगळं त्यांच्या सहीवर ठरायचं. आम्ही बायका घोळका करून त्यांच्याकडे दोनदा गेलो होतो, की आठवड्यातून दोन खेपा करा, लेकरं आजारी पडून राहिलीत. साहेब दोन्ही वेळा म्हणाले होते, "बघतो." फार सभ्य माणूस. आम्हाला खुर्च्या दिल्या होत्या.

यांचं डोकं गाण्यात कितीही असलं, तरी कारकुनाचं होतं. यांनी संध्याकाळी शांतम्माच्या ओट्यावर सगळ्या बायकांना बोलावलं आणि मांडणी केली. साहेब येणार. साहेब ऐकणार. साहेब खूश होणार. खूश झालेला साहेब आपल्या ओट्यावरून उठायच्या आत दुसऱ्या टँकरचं काम करून टाकायचं. पण त्याला घुंई ऐकू आली तर आला तसा जाईल. तेव्हा दर घराने रोज एक तांब्या पाणी द्यायचं, साहेब येईपर्यंत.

"पाण्याची वर्गणी म्हणा की," नागुबाई म्हणाली.

"हाव. तसंच समजा."

पंचशीला दवाखान्याच्या पांढऱ्या साडीतच आली होती. ती म्हणाली, "भाऊजी, पाणी मिळावं म्हणून पाणी जमिनीत ओतायचं? साहेबाला सरळ सांगून का बघत न्हाई?"

"दोनदा सांगितलं की, सिस्टर. काय झालं?"

खरं सांगायचं, तर मला ते पटलं. त्या दुसऱ्या टँकरसाठी मी पाइपात पाणीच काय, दूध ओतलं असतं. माझ्या शाळेतली निम्मी मुलं खरजेने भरली होती. शांतम्माचा नातू कपडे न धुतल्यामुळे शाळेत यायला लाजायचा. सरळ मागून मिळत नाही तर वाकडं मागू, एवढाच विचार आम्ही सगळ्यांनी केला.

मग रोज सकाळी आमच्या परसात बायकांची रांग लागू लागली. एकेक तांब्या पाइपाच्या तोंडात. पाणी गुळगुळ करत खाली जायचं आणि बायका कान देऊन ऐकायच्या. नागुबाईने दुसऱ्याच दिवशी पाइपाला हळदकुंकू लावलं.

"जिथं रोज पाणी घालतो त्याला कोरडं कपाळ बरं दिसत न्हाई," ती म्हणाली.

"मी पाणी तेवढं घालते, हळद तुमची तुम्ही लावा," पंचशीला म्हणाली आणि तांब्या उपडा केला. कमलम्मा नावाची एक म्हातारी गल्लीच्या पार टोकाला राहायची, तिने निलंग्याच्या लेकीकडून आणलेल्या कॅनमधलं पाणी घातलं आणि पाइपाला हात जोडले. परसात त्या खड्ड्याभोवती हिरवं गवत उगवलं. अख्ख्या गल्लीत तेवढंच हिरवं. शांतम्माची शेळी भिंतीवर पाय ठेवून तिकडे बघत उभी राहायची.

आणि घुंई कमी झाली! यांनी मला बोलावून बसवलं. माझा हात धरून म्हणाले, "ऐक. काय बी ऐकू येत न्हाई ना?"

"न्हाई."

"हेच! हेच तर!" त्यांचे डोळे भरून आले होते. लग्नात मी हार घातला तेव्हा ते इतके हेलावले नव्हते.

रविवारी संध्याकाळी साहेब आले. जीप गल्लीच्या तोंडाशी थांबवून चालत आले, एवढे साधे. गल्ली झाडून काढली होती. सडा मात्र घातला नव्हता, कारण सड्याचं पाणीही खड्ड्यात गेलं होतं. साहेबांनी बूट बाहेर काढले, खुर्ची सोडून सतरंजीवर बसले. येताना स्वतःची एक रेकॉर्ड आणली होती. यांनी ती दोन बोटांच्या टोकांवर धरून लावली.

मारवा होता म्हणे. मला एवढंच कळलं, की गाणारा फार थांबत थांबत गात होता, आणि तो थांबला की आम्हा सगळ्यांचा जीव टांगणीला लागत होता. खिडकीबाहेर गल्लीतल्या बायका उभ्या होत्या. गाण्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. मधल्या शांततेत काही वाजतंय का, तेवढं ऐकत होत्या. काही वाजलं नाही. नागुबाईने माझ्याकडे बघून मान हलवली, बाळंतीण सुटली की हलवतात तशी.

रेकॉर्ड संपली. साहेबांनी चष्मा काढून पुसला. "व्यंकटराव," ते म्हणाले, "बारा वर्षं ही रेकॉर्ड माझ्याकडे आहे. आज पहिल्यांदा ऐकली. काय केलंत तुम्ही?"

आता इथे माझ्या नवऱ्याने एवढंच म्हणायचं होतं, की साहेब, आपली कृपा, आणि आमच्या गल्लीच्या टँकरचं बघा. तसं ठरलं होतं. मी चहाचा ट्रे धरून डोळ्यांनी खुणावतही होते. पण आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्या माणसाला मनापासून विचारलं होतं, की काय केलंत. तो सुटला. साहेबांपुढे तो पुण्याचं मराठी बोलायचा.

"साहेब, पहिल्यांदा स्टॅबिलायझर."

"तो माझ्याकडेही आहे."

"मग ट्रान्सफॉर्मर मोठा केला. कपॅसिटर."

"तेही करून झालं. तरी घुंई आहेच."

"मग साहेब, आपण परसात चला," हे म्हणाले.

मी "चहा!" असं जवळजवळ ओरडले. कुणी ऐकलं नाही. हे साहेबांना जवळजवळ हाताला धरूनच परसात घेऊन गेले आणि खड्डा दाखवला. लोखंडी पाइप, त्यावर हळदकुंकू, भोवती ओली काळी माती आणि टवटवीत गवत.

"रोज दोन घागरी पाणी, साहेब. एक दिवस खाडा नाही."

"दोन घागरी?" साहेब म्हणाले. "या दिवसांत?"

"अख्खी गल्ली घालते साहेब! दर घरचा तांब्या असतो. स्वखुशीने."

साहेब खाली बसले. त्यांनी मातीला बोट लावून बघितलं. मग खिडकीपासून परसापर्यंत धावत आलेल्या आमच्याकडे पाहिलं आणि फार गोड हसले. "वा," म्हणाले, "कलेसाठी एवढं करणारी गल्ली मी पाहिली नव्हती."

नागुबाई पुढे झाली. "साहेब, तेवढं टँकरचं..."

"बघतो," साहेब म्हणाले. आणि या वेळी खरंच बघितलं.

पुढचा टँकरचा दिवस आला, टँकर आला नाही. आम्ही घागरींच्या रांगा लावून दुपारपर्यंत उन्हात बसलो. संध्याकाळी हे कचेरीतून आले, चप्पल काढली, आणि नेहमीसारखे सेटकडे न जाता ओट्यावरच बसून राहिले.

"गल्लीचं नाव कमी झालं," ते म्हणाले.

"कशातून?"

"टंचाईतून. साहेब म्हणाले, जिथले लोक रोज दोन घागरी पाणी जमिनीत ओतत्यात, तिथं टंचाई हाय असं मी कसं म्हणू? नियमात बसत न्हाई." मग चप्पल सरळ करत हे म्हणाले, "रागानं न्हाई म्हणाले. लई मायेनं बोलले."

मी भांडले नाही. मी आत गेले आणि पिंपाचं झाकण उघडून बघितलं. तळाशी गाळ होता. ज्या पाण्यासाठी आम्ही आमच्या लेकरांच्या तोंडचा तांब्या ओतला, त्या तांब्यानेच आमच्यावर सही केली होती. मला त्या साहेबाचा राग आला, पण त्याहून जास्त आमचा आला. साहेबाने फक्त डोळ्यांनी दिसलं ते धरलं. आम्हीच त्याला ओली माती दाखवली होती, वर कुंकू लावून.

"तुम्ही सांगितलं न्हाई, कशासाठी ओतत होतो ते?" मी विचारलं.

"कसं सांगू? साहेब, तुम्हाला गुंडाळायला ओतत होतो, असं?"

तेही खरंच होतं.

पुढचे दिवस गल्लीने कसे काढले ते गल्लीला ठाऊक. पंचशीला दवाखान्यातून दोन बाटल्या पदराआड आणायची, त्या कमलम्माला द्यायची. शाळेतून परतताना मी कुठेही नळ दिसला की हातातला डबा भरून घ्यायची. यांनी सेटवर चादर टाकली होती. माझ्याशी बोलताना ते जमिनीकडे बघत.

आणि मग एका सकाळी टँकरचा आवाज आला. गल्लीत जीव आला! दारं उघडली, घागरी, कळश्या, डबे, जे हाताला लागलं ते घेऊन बायका धावल्या. टँकर आला, भरलेला, मागून पाणी ठिबकत, आणि आमच्या रांगेपुढून न थांबता तसाच पुढे निघाला. आमच्या गल्लीपलीकडे साहेब लोकांचे बंगले आहेत. तिकडे जायचा रस्ता आमच्याच दारावरून जातो.

ड्रायव्हरच्या शेजारी, मांडीवर मिठाचं पोतं घेऊन, माझा नवरा बसला होता.

मी काही विचार केला नाही. मी घागर घेऊन रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. माझ्या मागे शांतम्मा आली, नागुबाई आली, पंचशीला आली. कमलम्माने तर चाकापुढे बैठक मारली.

"सिंधू, बाजूला हो," हे खिडकीतून म्हणाले. "सरकारी काम हाय."

"कुठं चाललंय सरकारी पाणी?"

यांनी मांडीवरचं पोतं सावरलं.

"साहेबांच्या बंगल्यावर," ड्रायव्हरच म्हणाला. "तिथं खड्डा खांदलाय कसला तर. त्यात ओतायचंय."

गल्लीत एवढी शांतता झाली, की टँकरमधून खाली पडणारा थेंब ऐकू यायला लागला.

"खाली उतरा," मी म्हणाले.

"अगं, साहेबांनी विश्वासानं माझ्यावर सोपवलंय. माझी नोकरी..."

"माझ्या पिंपात गाळ हाय, व्यंकटराव." नवऱ्याचं नाव मी चारचौघांत पहिल्यांदा घेतलं. "शांतम्माच्या घरात काल चूल पेटली न्हाई, डाळ शिजवायला पाणी न्हाई म्हणून. तुम्हाला त्या पेटीतली घुंई भिंतीपलीकडून ऐकू येती. मी इथं उभी राहून बोलून राहिले, हे ऐकू येतंय का?"

यांनी मिठाचं पोतं सीटवर ठेवलं आणि उतरले. मला वाटलं, मला बाजूला ओढणार. ते माझ्यापुढून गेले, टँकरच्या मागे गेले, पाइप स्वतःच्या हाताने सोडवला आणि कमलम्माची कळशी आधी भरली. मग शांतम्माची. माझा नंबर त्यांनी शेवटी लावला. शर्ट पूर्ण भिजला होता.

साहेबांचा खड्डा कोरडा राहिला. पण गंमत अशी, की साहेबांना कुठे तक्रार करता येईना. माझ्या खड्ड्यात ओतायचा टँकर लोकांनी प्यायला घेतला, असं कोणत्या साहेबाला कोणत्या साहेबापुढे सांगता येईल? बंद करायचा तर कारण लिहावं लागलं असतं, म्हणून तो टँकर दर आठवड्याला निघत राहिला, आम्ही दर आठवड्याला तो अडवत राहिलो, आणि ड्रायव्हर तर पुढेपुढे आमच्या दारात येऊन स्वतःच इंजिन बंद करू लागला. असं आमच्या गल्लीला, टंचाई नसताना, पाणी मिळालं.

यांची बदली मात्र पंधरा दिवसांत झाली. जळकोटला. साहेबांनी स्वतः बोलावून, फार मायेने, हुकूम हातात दिला. मला शाळा सोडता येईना, म्हणून हे एकटेच गेले. सेट न्यायचा का, मी विचारलं. "राहू दे," म्हणाले. तिथे खोली घेतली आहे, तिथे वीज असते तेव्हा पाणी नसतं आणि पाणी तर नसतंच.

शनिवारी ते अहमदपुरात गाडी बदलून एसटीने येतात. धुळीने पांढरे झालेले असतात. दारात आले की पूर्वी आधी कानाने घर चाचपायचे, आता आल्या आल्या विचारतात, "अंघोळीला हाय का गं थोडं?"

मी बादली काठोकाठ भरून ठेवलेली असते. "घ्या," म्हणते, "सावकाश घ्या," आणि ते आत अंगावर पाणी घेत असतात तोवर मी दाराबाहेर कान देऊन उगीचच उभी राहते.